वजन उतरवायचं, पण पायातली ताकद नाही: सायकलवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

नोकरी-धंदा सांभाळून आठवड्याला सहा ते दहा तास सायकल चालवणाऱ्या, घाटात मागे पडायला नको म्हणून पाच-सात-दहा किलो उतरवू पाहणाऱ्या मंडळींकडून हे प्रश्न वारंवार येतात. उत्तरं त्यांच्यासाठीच आहेत. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल, हृदयाचा त्रास असेल, गरोदरपण असेल किंवा वय अठराच्या आत असेल, तर खाण्यात कपात करण्याआधी डॉक्टरांशी बोला.

वजन कमी झालं की पॉवर कमी होणारच ना?

होणारच असं काही नाही. अंगावर उतरवण्याजोगी चरबी आहे आणि नियमित सराव सुरू होऊन दोन-तीनच वर्षं झालीत, अशांची पॉवर वजन उतरत असतानाही वाढते, कारण सरावातून मिळण्यासारखं अजून बरंच बाकी असतं. आधीच सडपातळ असलेला, वर्षानुवर्षं कसून चालवणारा माणूस शेवटचे दोन-तीन किलो काढायला जातो, तेव्हा मात्र वॅट, म्हणजे पॉवर मोजायचं एकक, जातात. तुम्ही यातले कोण, हे आरशात आणि जुन्या राइड्सच्या आकड्यांत दोन्हीकडे दिसतं.

मग पॉवर पडते ती नेमकी कशाने?

बहुतेक वेळा चार कारणं असतात आणि ती एकमेकांच्या हातात हात घालून येतात. पहिलं, स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे कर्बोदकांपासून बनलेल्या इंधनाचा, साठा कायम अर्धवट रिकामा राहतो. जोरात पेडल मारायला इंधन लागतं ते मुख्यतः हेच, त्यामुळे मंगळवारची इंटरव्हल्स (थोडा वेळ जोर, थोडा वेळ आराम अशा फेऱ्या) तिसऱ्याच फेरीत कोसळतात. दुसरं, इंटरव्हल्स कोसळली की माणूस ती टाळायला लागतो आणि सगळ्या राइड्स एकाच मध्यम गतीच्या होतात. तिसरं, प्रथिनं कमी आणि कपात मोठी असली की चरबीबरोबर स्नायूही जातात. चौथं, झोप. तिच्याबद्दल पुढे.

यातलं पहिलं कारण दोन दिवस नीट जेवलं की सुटतं. तिसरं भरून काढायला महिने लागतात. म्हणून पॉवर पडलेली दिसली की आधी दोन दिवस पोटभर जेवा, भात-पोळीला हात आखडता घेऊ नका, मग पुन्हा पाहा. वॅट परत आले तर प्रश्न इंधनाचा होता.

वॅट प्रति किलो हा आकडा वाढला म्हणजे झालं की. खालचा आकडा, म्हणजे वजन, कमी करणं सोपं नाही का?

सोपं वाटतं, आणि इथेच बरेच जण फसतात. एक हिशेब करून बघू.

समजा तुमचं वजन ८२ किलो आणि एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येईल अशी पॉवर, २१० वॅट. सायकल, भरलेल्या बाटल्या, बूट, हेल्मेट मिळून आणखी ११ किलो. सिंहगडाचा गाडीरस्ता हिशेबापुरता ९ किलोमीटर लांब आणि ६०० मीटर चढाईचा धरू. २१० वॅट सलग लावले तर तुम्ही साधारण ५० मिनिटांत वर पोहोचता.

आता आठ किलो उतरवले आणि वॅट जसेच्या तसे राखले. वेळ येते सुमारे शेहेचाळीस मिनिटं. चार मिनिटांची कमाई, आणि त्या रस्त्यावर चार मिनिटं म्हणजे पुढचा गडी वळणाआड दिसेनासा होतो एवढं अंतर.

पण तेच आठ किलो घाईघाईने उतरवले आणि त्यात एफटीपी १९२ वर आला तर? पुन्हा ५० मिनिटं. आठ किलोंची सगळी उपासमार १८ वॅटांनी खाऊन टाकली. गंमत अशी की वॅट प्रति किलो तेव्हाही २.५६ वरून २.५९ झालेला असतो, म्हणजे अॅपवर प्रगती दिसते. घाटात तुम्ही सायकलही वर ओढत असता, आणि सायकल काही डाएटवर नसते. त्यात खडकवासल्यापर्यंतच्या सपाट रस्त्यावर हे १८ वॅट गेल्याने तुम्ही ताशी जवळपास एक किलोमीटरने हळू झालात ते वेगळंच.

म्हणून वजनाच्या काट्याशेजारी वॅटचाही आकडा लिहीत जा, नुसतं भागाकाराचं उत्तर नको. वजन उतरतंय आणि वॅट तीन-चार टक्क्यांच्या आत टिकून आहेत, तर बरोबर चाललंय. वॅट पाच टक्क्यांहून जास्त पडले आणि आठवडाभर तसेच राहिले, तर कपात थांबवा.

मी बहुतेक सपाटीवरच चालवतो. मला वजन उतरवून काय मिळेल?

तब्येतीला बरंच, वेगाला फार थोडं. सपाटीवर लढाई वाऱ्याशी असते. ब्रिटनच्या ब्रॅडली विगिन्सने २०१२ ची टूर द फ्रान्स जिंकली ती ट्रॅकवरच्या शर्यतींच्या दिवसांतलं अंग उतरवून. पुढे २०१५ साली लंडनमध्ये तासाभरात जास्तीत जास्त अंतराचा विक्रम, ५४.५२६ किलोमीटर, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवर सांघिक सुवर्ण मिळवताना त्याने वजन परत चढवलेलं होतं. शर्यत कुठली त्यावर अंग ठरतं. सोलापूर रस्त्यावर दर रविवारी पन्नास किलोमीटर मारणाऱ्याने हँडलवर खाली वाकून बसण्याचा सराव केला तर तीन किलो उतरवण्यापेक्षा जास्त फायदा होईल.

किती वेगाने उतरवावं?

आठवड्याला वजनाच्या अर्धा टक्का. ८० किलोच्या माणसाला ४०० ग्रॅम. फार जाड असाल तर सुरुवातीला पाऊण टक्का चालेल. एक टक्क्याच्या वर जाऊ नका.

नॉर्वेत खेळाडूंवर झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने आठवड्याला ०.७ टक्के दराने, दुसऱ्याने १.४ टक्के दराने वजन उतरवलं. वजनाचे व्यायाम दोघांनाही होते. शेवटी दोघांचंही वजन जवळपास सारखंच घटलं, पण हळू उतरवणाऱ्यांचे स्नायू त्या काळात वाढले आणि घाई करणाऱ्यांचे वाढले नाहीत. सराव तोच, वजनातली घट तीच, वेग मात्र वेगळा.

चरबीचा एक किलो म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. आठवड्याला ४०० ग्रॅम म्हणजे ३,००० च्या आसपास, दिवसाला सव्वाचारशे. हा आकडा लक्षात ठेवा. एवढं दोन पोळ्या, एक वाटी भात आणि चहाबरोबरच्या फरसाणात सहज भरतं.

पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरले. मग अर्ध्या टक्क्यावर कशाला थांबू?

कारण ते बहुतेक पाणी आहे. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर शरीर तीनेक ग्रॅम पाणी साठवतं. भात-पोळी कमी केली की साठा ओसरतो आणि पाणीही जातं. लग्नाचं एक जेवण झालं की दोन्ही परत येतात, त्यामुळे सोमवारी काट्यावर दीड किलो जास्त दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी वजन करा आणि सात दिवसांची सरासरी बघा. पाळी येणाऱ्या बायकांनी गेल्या महिन्यातल्या त्याच दिवसांशी तुलना करावी. आधीच्या आठवड्याशी केली तर आकडा उगाच छळतो.

कॅलरी कापायच्या कुठून?

राइडच्या आधी, राइडमध्ये आणि राइडनंतरच्या पहिल्या तासात कापू नका. बाकीच्या दिवसात कापा. या पानावरची एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

नेमकं उलटं करण्याकडे सगळ्यांचा कल असतो. पहाटे साडेपाचला नुसत्या काळ्या कॉफीवर निघायचं, बाटलीत साधं पाणी, घरी येऊन अंघोळ, आणि "आज हजार जाळल्या" या समाधानात ऑफिस. दुपारपर्यंत निभावतं. संध्याकाळी सहाला भूक अशी खवळते की डब्यातली शेव, पोरांची बिस्किटं आणि रात्रीचा भाताचा तिसरा वाढा कुणाला दिसतच नाही. दिवसाचा हिशेब शून्यावर येतो, आणि सकाळची राइड मात्र उपाशी पायांनी झालेली असते, म्हणजे सरावही वाया.

घरच्या जेवणात कॅलरी लपतात त्या ठराविक जागी. फोडणीचं तेल: एक मोठा चमचा म्हणजे १२० कॅलरी, आणि भाजी-आमटी-कोशिंबीर मिळून माणशी तीन चमचे कधी होतात कळत नाही. दोन-दोन चमचे साखरेचे चार चहा: साखरेचेच सव्वाशे-दीडशे. दाण्याचं कूट हातानं पडतं, चमच्यानं नाही. संध्याकाळचं मूठ-दोन मूठ फरसाण, ५० ग्रॅम, अडीचशेच्या वर. या चार जागांवरूनच सव्वाचारशे निघतात आणि ताटातली पोळी तशीच राहते. डाएट म्हणून पहिला बळी पोळीचा देणं मला कधीच पटलेलं नाही. सायकलवाल्याला ताटातली तीच सगळ्यात उपयोगाची वस्तू आहे.

सगळे दिवस सारखे ठेवू नका. कठीण राइडच्या दिवशी जवळजवळ भरपूर खा, विश्रांतीच्या दिवशी आणि हलक्या दिवशी सहाशेपर्यंत कापा. आठवड्याची बेरीज जमली की झालं.

राइडमध्ये किती कॅलरी जळल्या हे कसं कळणार? घड्याळ काहीही सांगतं.

पॉवर मीटर, म्हणजे पेडल मारण्याचे वॅट मोजणारं यंत्र, असेल तर राइडच्या शेवटी दिसणारा किलोज्यूलचा आकडा हाच कॅलरीचा आकडा समजा. एका किलोकॅलरीत (खाण्याच्या हिशेबातली कॅलरी ती हीच) ४.१८ किलोज्यूल असतात आणि शरीर खाल्लेल्या ऊर्जेपैकी २० ते २५ टक्केच पेडलपर्यंत पोहोचवतं. हे दोन्ही एकमेकांना जवळपास कापतात. १५० वॅटने चार तास म्हणजे २,१६० किलोज्यूल, म्हणून खर्चही २,१०० ते २,२०० कॅलरी. नुसत्या ठोक्यांवरून किंवा वेगावरून सांगणारी अॅप्स अनेकदा चढवून सांगतात. पॉवर मीटर नसेल तर अॅपच्या आकड्याचे तीन चतुर्थांश धरा.

राइडमध्ये काय आणि किती खायचं?

तासाभराच्या आतल्या हलक्या राइडला काही नाही. दीड-दोन तासांच्या राइडला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. अडीच-तीन तासांच्या वर, आणि पोटाला सवय असेल तर, ९० पर्यंत.

महागडी जेल लागतातच असं नाही. मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास. पाऊण लिटरच्या बाटलीत तीन मोठे चमचे साखर, अर्धं लिंबू आणि दोन-तीन चिमटी मीठ घातलं की ३५ ते ४० ग्रॅम. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अर्धं-अर्धं असतं आणि आतड्यात दोन्हीची वाट वेगळी, म्हणून ती जास्त प्रमाणातही पचते. राजगिऱ्याचा लाडू चांगला. शेंगदाण्याची चिक्की सपाटीवर ठीक, पण तिच्यात तेल बरंच. घाटाच्या पायथ्याशी खाल्ली तर दुसऱ्या वळणावर वर येते. गूळपोळीचे चतकोर तुकडे बटर पेपरमध्ये गुंडाळून जर्सीच्या मधल्या खिशात ठेवा, कडेच्या खिशात घामाने त्यांचा लगदा होतो.

खाल्लेलं सगळं "वाया गेलं" असं समजू नका. चार तासांत २,१६० जाळल्या आणि वाटेत ८०० खाल्ल्या, तरी १,३०० च्या वर तूट आहेच. शिवाय चौथ्या तासातही पाय चालतात आणि घरी पोहोचून फ्रीज रिकामा होत नाही.

आणि रविवारची मिसळ?

खा. गडावर गेलात तर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खा, त्यात प्रथिनंही आहेत. घोळ होतो तो मिसळीने नाही, तिच्यानंतरच्या जादा पावाने, "आज चालतं" म्हणून आलेल्या जिलबीने आणि पुन्हा घरी दोन वाजता झालेल्या पूर्ण जेवणाने.

उपाशीपोटी राइड केली की चरबी जास्त जळते म्हणतात.

त्या तासात चरबीचा वाटा वाढतो, हे खरं. दिवसभराच्या कॅलरी तेवढ्याच असतील तर महिन्याअखेर चरबी मात्र जास्त उतरत नाही. सकाळी पोटात काही ठरत नसेल तर तासभराची अगदी हलकी राइड रिकाम्या पोटी करायला हरकत नाही. इंटरव्हल्स, घाट, ग्रुप राइड कधीच नको.

मी शाकाहारी आहे. प्रथिनं किती आणि कुठून?

वजन उतरवताना किलोमागे किमान १.६ ग्रॅम, जमल्यास दोनपर्यंत. ८० किलोच्या माणसाला १२८ पासून पुढे.

आता खरी परिस्थिती पाहा. वाटीभर पातळ वरणात प्रथिनं असतात चार-पाच ग्रॅम. "मी रोज डाळ खातो" याने काही होत नाही. एका दिवसाचं गणित असं: सकाळी राइडनंतर ग्लासभर दुधात व्हेचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनांच्या पावडरीचा, एक स्कूप, ३२. दुपारी मटकीची वाटीभर उसळ, घट्ट वरण, वाटीभर दही आणि तीन पोळ्या, मिळून २८. संध्याकाळी फरसाणाऐवजी ५० ग्रॅम फुटाणे, १०. रात्री ५० ग्रॅम कोरड्या सोया चंक्सची भाजी २६, दोन पोळ्या ६. झोपताना दूध, ८. बेरीज ११०. इतकं ठरवून खाल्लं तरी आकडा अजून लांबच. दुसरा स्कूप किंवा, चालत असतील तर, तीन अंडी घेतली की गाडी मुक्कामी पोहोचते. पनीर चांगलं, पण १०० ग्रॅममध्ये १८ ग्रॅम प्रथिनांबरोबर पावणेतीनशे कॅलरी येतात. शेंगदाणे तर त्याहून महाग पडतात, कॅलरीच्या हिशेबात.

मासे-चिकन खाणाऱ्यांना हे सगळं निम्म्या कष्टात जमतं. बांगडा तळू नका, एवढंच.

वर्षातून एकदा बी-१२, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या. लोह कमी असलं तर कुठलंही ट्रेनिंग वॅट आणून देणार नाही.

श्रावणी सोमवार, एकादशी, नवरात्र. उपवास आणि ट्रेनिंग कसं बसवायचं?

एका दिवसाचा उपवास हा विश्रांतीचा किंवा हलक्या राइडचा दिवस ठेवा. साबुदाणा खिचडीला हलका फराळ समजू नका; पिष्ट, तूप आणि दाण्याचं कूट, त्यात प्रथिनं नावाला. तिच्याऐवजी भगर, राजगिऱ्याची भाकरी, उकडलेलं रताळं, दूध-दही-ताक घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी इंटरव्हल्स असतील तर उपवास सोडताना पोटभर जेवा. नवरात्राचे नऊ दिवस कडक उपवास करणार असाल तर त्या आठवड्यात पॉवर वाढवण्याचा विचारच नको, सहज फिरवा.

ट्रेनिंगमधलं काय ठेवू, काय कमी करू?

तीव्रता ठेवा, वेळ कमी करा. १९८० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन यांनी केलेले प्रयोग याबाबत आजही कामाचे आहेत. कसून तयार झालेल्या लोकांनी आठवड्याचे दिवस सहावरून दोनवर आणले, किंवा रोजची ४० मिनिटं १३ वर आणली, तरी जोर तोच ठेवल्याने त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पंधरा आठवडे टिकली. वेळ तीच ठेवून जोर कमी केला तेव्हा मात्र ती घसरली.

तुमच्यासाठी याचा अर्थ: आठवड्यात दोन कठीण सत्रं काहीही झालं तरी सोडायची नाहीत. एक एफटीपीच्या आसपासचं, उदाहरणार्थ दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या. दुसरं त्याहून जोराचं, तीन-चार मिनिटांच्या चार-पाच फेऱ्या. बाकी सगळं गप्पा मारता येतील अशा गतीने. "वजन कमी करायचंय" म्हणून रोज घाम निघेपर्यंत मधल्याच गतीने तासन्तास चालवणं टाळा. त्याने थकवा भरपूर मिळतो, ताकद मिळत नाही.

जिमला जायलाच हवं का?

आठवड्यातून दोनदा, पाऊण तास. स्क्वॉट, डेडलिफ्ट, एका पायावरचे व्यायाम, थोडं पाठ-पोट. पाच-सहापेक्षा जास्त वेळा उचलता येणार नाही इतकं वजन, अर्थात आधी कुणाकडून पद्धत नीट शिकून. तूट चालू असताना शरीराला स्नायू राखायचं कारण लागतं आणि जड वजन हे सर्वांत ठोस कारण. "पाय जाड होतील" ही भीती सोडा. कॅलरीच्या तुटीत आणि इतक्या सायकलिंगमध्ये पाय जाड करणं हे कसलेल्यांनाही जमत नाही.

पॉवर मीटर नाही. पॉवर टिकलीय की नाही हे कसं ओळखू?

एक चढ ठरवा, पंधरा-वीस मिनिटांपेक्षा लहान नको. नाशिककरांना, साताऱ्याच्या मंडळींना, कोकणात उतरणाऱ्यांना चढ शोधावा लागत नाही. महिन्यातून एकदा, सकाळच्या त्याच वेळी, तीच सायकल, टायरमध्ये तीच हवा, पूर्ण जोर लावून वेळ नोंदवा. वजनाच्या प्रमाणात वेळ सुधारायला हवी: वरच्या उदाहरणात सायकलसह वजन साडेआठ टक्क्यांनी घटलं तेव्हा वेळ आठ टक्क्यांच्या आसपास सुधारली. किलो उतरले आणि वेळ तीच, तर वॅट गेलेत.

मे महिन्यात माझा एफटीपी पंधरा वॅटने पडला. डाएट थांबवू?

आधी पंखा लावा. बंद खोलीत, ३४-३५ अंशांत ट्रेनरवर, म्हणजे सायकल घरात एका जागी चालवायच्या स्टँडवर, घेतलेली चाचणी डाएटबद्दल काही सांगत नाही. शरीर रक्त त्वचेकडे वळवतं, ठोके चढत राहतात आणि पॉवर पडते. पहाटे किंवा एसीत पुन्हा घ्या, आदल्या दिवशी नीट जेवून.

पहाटे साडेचारला उठतो, रात्री झोपायला साडेअकरा. चालेल?

नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दहा जाड व्यक्तींना तेवढ्याच कमी कॅलरीवर दोन-दोन आठवडे ठेवलं, एकदा साडेआठ तासांची झोपेची मुभा देऊन आणि एकदा साडेपाच तासांची. वजन दोन्ही वेळा तीन किलोंच्या आसपास उतरलं. पण भरपूर झोपेच्या काळात त्यातली चरबी १.४ किलो होती, अपुऱ्या झोपेच्या काळात ०.६. उरलेलं बहुतेक गेलं ते स्नायूंच्या बाजूने. रात्री दहाला झोपता येत नसेल तर आठवड्यातल्या दोन पहाटेच्या राइड्स सोडा आणि त्या संध्याकाळी ट्रेनरवर करा.

पाळी अनियमित झालीय. वजन कमी केल्याने असं होतं का?

होतं, आणि ते "सरावाने होतंच" म्हणून सोडून द्यायचं नाही. खर्च वजा जाता शरीराला उरलेली ऊर्जा फार कमी पडली की पाळी, हाडं, प्रतिकारशक्ती, झोप सगळ्यावर परिणाम होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली याला रेड-एस हे नाव दिलं आणि ते पुरुषांनाही होतं, हेही तेव्हाच मांडलं. पुरुषांत कामेच्छा घटते, सकाळी उठताना ताजंतवानं वाटत नाही, चिडचिड वाढते. सायकलिंगमध्ये हाडांवर आपटा-धोपटा नसल्याने ती आधीच इतर खेळांपेक्षा कमी मजबूत होण्याची शक्यता असते.

धोक्याची रेषा ढोबळपणे अशी: चरबी वगळता जे वजन उरतं, त्याच्या प्रत्येक किलोमागे ३० कॅलरी, व्यायामाचा खर्च सोडून. चरबीविरहित वजन ४५ किलो असलेल्या बाईला १,३५० आणि त्या दिवशीच्या राइडचे ६००, म्हणजे १,९५०. तिने "बायकांनी १,५०० खावं" या छापील सल्ल्यावर विश्वास ठेवला तर तिच्याकडे किलोमागे वीसच उरतात. सलग तीन महिने पाळी चुकली तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, आणि भेटेपर्यंत कपात बंद.

वजन उतरवणारी इंजेक्शनं घेतोय. पॉवर राहील?

ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्या आणि त्यांना तुमचे सायकलिंगचे तास सांगा. भूक मरते, म्हणून राइडमध्ये खाणंही राहून जातं. तिथे भुकेची वाट न बघता घड्याळ लावून खा. प्रथिनं आणि जिम तुम्हाला इतरांपेक्षा जास्त गरजेची आहेत.

त्यापेक्षा दोन किलो हलकी सायकल घेऊ का?

पैसे असतील तर जरूर. सिंहगडाच्या त्याच हिशेबात दोन किलोंनी सुमारे मिनिटभर वाचतं. व्यावसायिक शर्यतींत सायकल ६.८ किलोंपेक्षा हलकी चालत नाही. तुमच्या पोटाला तसा नियम नाही.

वर्षात हे करायचं कधी?

आपल्याकडे शर्यती, ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांबच्या राइड्स), पुणे-गोवा यांसारख्या लांब पल्ल्यांचा मोसम साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी. म्हणून कपात एप्रिल ते ऑगस्टमध्ये, फार तर आठ-दहा आठवडे सलग, मग दोन आठवडे पोटभर, मग हवं तर पुन्हा. पावसात ट्रेनरवर सगळं मोजूनमापून होतं, हे चांगलंच. ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हेच्या महिन्यात डाएट नको, आणि त्या आठवड्यात तर अजिबात नको. दिवाळीच्या फराळात वजन उतरवायचा निश्चय करणाऱ्यांना माझ्या शुभेच्छा.

ठरवलेलं वजन गाठलं. आता?

लगेच जुन्या ताटावर जाऊ नका, आणि त्याच कमी ताटावरही राहू नका. दर आठवड्याला दिवसाच्या १५० कॅलरी वाढवा, त्या बहुतेक भात-पोळीच्या रूपाने आणि कठीण राइडच्या दिवसांना. पहिल्या दहा दिवसांत काटा किलोभर वर जाईल. तो ग्लायकोजेन आणि पाणी. चार आठवडे सरासरी स्थिर राहिली की एफटीपीची चाचणी पुन्हा घ्या. वीस मिनिटांच्या चाचणीच्या सरासरीला ०.९५ ने गुणलं की आकडा मिळतो. बहुतेकांना तो कपातीच्या शेवटच्या आठवड्यापेक्षा जास्त मिळतो. ट्रेनिंगचे झोन, म्हणजे जोराच्या पातळ्या, त्यावरून नव्याने बसवा.